जादूगार आहे, गाव कुठे आहे?

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका वठवण्याचा खेळ अमेरिकेत आला, तेव्हा त्यात मंत्र टाकणारे दोनच होते. मॅजिक-यूजर पोथीतून मंत्र पाठ करायचा आणि एकदा वापरला की तो त्याच्या डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्सच्या कथांमधून घेतलेली. क्लेरिकला शक्ती देव द्यायचा. पुढे गोतावळा वाढला. 2000च्या तिसऱ्या आवृत्तीत जादू अंगात घेऊनच जन्मलेला सॉर्सरर आला आणि काही वर्षांत अमानवी शक्तीशी करार करणारा वॉरलॉक.

कागदावर हे भेद झकास आहेत. अभ्यासाने कमावलेली, रक्तातून आलेली, देवाने दिलेली आणि सौदा करून घेतलेली विद्या कोणताही समाज एकाच नजरेने पाहणार नाही. पहिल्याला मान मिळेल, दुसऱ्याच्या घरी सोयरीक जुळवताना लोक दहादा विचार करतील, तिसऱ्याच्या पाया पडतील आणि चौथ्याचं नाव तिन्हीसांजेला घेणार नाहीत. प्रत्यक्ष खेळात मात्र चौघेही एकाच सराईत उतरतात, मालक चौघांशी सारखंच बोलतो. फरक उरतो तो कोणाच्या मंत्राला किती फासे टाकायचे, एवढाच.

याला सणसणीत उत्तर दिलं 'आर्स मॅजिका'ने. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांचा हा 1987चा खेळ मध्ययुगीन युरोपात घडतो. इथे जादूची देणगीच माणसाला माणसांतून उठवते. जादूगार जवळ आला की घोडे बुजतात, कुत्री गुरगुरतात, आणि त्याने काहीही वावगं केलेलं नसताना लोकांच्या मनात संशय येतो. बोलाचालीच्या फाशातून तीन गुण सरळ वजा होतात. साधी वाटाघाट करायची तर दुसऱ्या कुणाला पुढे घालावं लागतं. शिवाय खेळाडूकडे एकटा जादूगार नसतो. त्याचे सोबती आणि पहारेकरीही तोच आळीपाळीने वठवतो. काल ज्या जादूगाराच्या डोळ्यांनी गाव पाहिलं, त्याच्याकडे आज शिपायाच्या डोळ्यांनी पाहायचं. भूमिका वठवण्याची याहून चांगली तालीम दुसऱ्या कुठल्या खेळात नाही.

1991च्या 'डार्क सन' या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्याच काल्पनिक जगात जादूगारांच्या द्वेषाला कारण आहे: जादू झाडापेरांतला जीव शोषते, तिने जगाचं वाळवंट केलं आहे. म्हणून जपून जादू करणाऱ्यालाही तोंड लपवावं लागतं.

व्हिडिओ गेममध्ये हेच साधताना 'ड्रॅगन एज' मालिका अडखळते. तिच्या जगात जादूगारांना मनोऱ्यांत डांबतात, टेम्प्लर त्यांच्यावर पहारा ठेवतात. पण 2011च्या दुसऱ्या भागात नायक हॉक जादूगार असला, तरी तो पाठीवर जादूची काठी घेऊन कर्कवॉल शहरात उघड फिरतो आणि टेम्प्लर त्याला हटकतही नाहीत. संवादांत भीती ओतप्रोत आहे, रस्त्यावर तिचा मागमूस नाही.

समाजाच्या नजरेचा चटका या कलेला स्वतःलाही बसला आहे. 1980च्या दशकात अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वर सैतानपूजेचा आरोप झाला आणि त्याच्या 1989च्या दुसऱ्या आवृत्तीतून दैत्यांची रूढ इंग्रजी नावंच काढली गेली. आरोप निराधार होता. खेळणारी पोरं कागद-पेन्सिल घेऊन गोष्ट रचत होती.

आणि निराधार आरोपाचा नेमका हाच अनुभव खेळांमध्ये क्वचितच उतरतो. तिथे ज्याला लोक घाबरतात त्याच्याकडे जादू खरोखरच असते, त्यामुळे भीतीला थोडा तरी आधार मिळतो. नंदुरबारच्या सातपुडा भागात 'डाकीण' ठरवून छळलेल्या बायकांकडे कोणती जादू होती? महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप करणं हाच गुन्हा ठरवला. पुण्या-मुंबईत आज हे खेळ रंगतात. तिथे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरांनी पुढची मोहीम रचताना मंत्रांच्या यादीआधी गाव रचावं, आणि त्या गावात एकही मंत्र न येणारी, तरी चेटकीण ठरलेली बाई एखाद्या खेळाडूच्या हाती मुख्य भूमिका म्हणून द्यावी.