शालेय भौतिकी आणि ‘अपेक्षा’ : एका पाठ्यपुस्तकाचा पुनर्विचार

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत भौतिकीचा पहिला पाठ सुरू होण्यापूर्वी शिक्षक बहुधा विद्यार्थ्यांच्या हाती एक पत्रक देतात. वही कशी ठेवावी, प्रयोगाची नोंद केव्हा सादर करावी, उत्तरात एकक लिहावयाचे राहिले तर काय होईल, अशा गोष्टी त्यात असतात. आणि या सर्वांना ‘विद्यार्थ्यांकडून अपेक्षा’ असे नाव असते. शिस्तीच्या दृष्टीने असे पत्रक उपयुक्तच होय. परंतु भौतिकी हा विषय नवशिक्या विद्यार्थ्याकडून खरोखर काय मागतो, याचा पत्ता त्यातून लागत नाही. तो लावावयाचा तर पाठ्यपुस्तकाकडेच वळले पाहिजे. काव्य जसे आपला सहृदय गृहीत धरते, तसे प्रत्येक पाठ्यपुस्तक आपला विद्यार्थी गृहीत धरून लिहिलेले असते. आणि त्या गृहीत विद्यार्थ्याचे परीक्षण करणे हे टीकेचेच काम आहे.

असा गृहीत विद्यार्थी सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो ‘फिजिकल सायन्स स्टडी कमिटी’च्या, म्हणजे पीएसएससीच्या, ‘फिजिक्स’ या ग्रंथात. ही समिती 1956 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जेरॉल्ड झकरायस यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. पुढील वर्षी स्पुटनिक अवकाशात गेल्यावर तिच्या कार्याला मोठी गती मिळाली, तरी तिचा जन्म स्पुटनिकपूर्वीचा आहे, हे विसरता कामा नये. ग्रंथ 1960 साली प्रसिद्ध झाला. जुन्या शालेय पुस्तकांतील यंत्रे, इंजिने, घरगुती उपकरणे यांची वर्णने त्याने जवळजवळ हद्दपार केली आणि विषयाच्या मूळ रचनेलाच हात घातला.

या ग्रंथाचे वैशिष्ट्य त्याच्या क्रमात आहे. काल, अवकाश व द्रव्य यांच्या परिचयानंतर यांत्रिकी यावी अशी रूढी; येथे दुसऱ्या भागात प्रकाश व तरंग येतात आणि यांत्रिकी तिसऱ्या भागापर्यंत थांबते. प्रकाश कणांचा बनलेला आहे असे प्रथम मानावयाचे. परावर्तन सहज उलगडते. मग पोलादी गोळी वरच्या पातळीवरून उताराने खालच्या पातळीवर सोडावयाची; तिचा मार्ग लंबाकडे वळतो आणि अपवर्तनाचा नियमही हाती येतो. विद्यार्थी प्रसन्न होतो. परंतु गोळी खालच्या पातळीवर अधिक वेगाने जाते. तेव्हा प्रकाशही पाण्यात अधिक वेगाने गेला पाहिजे. फूकोने 1850 साली तो पाण्यात कमी वेगाने जातो असे दाखविले होते. कण-कल्पना येथे अडते, आणि पाण्याच्या उथळ तबकातील लाटा तिची जागा घेतात. पुढे अखेरच्या भागात फोटॉनच्या रूपाने टाकून दिलेला कण पुन्हा दाराशी येऊन उभा राहतो!

हा ग्रंथातील सर्वांत सुंदर भाग आहे, असे मला वाटते. आणि त्याचे दौर्बल्यही येथेच आहे. जी कल्पना विद्यार्थ्याने विश्वासाने स्वीकारली, ती शांतपणे सोडून देण्याची अपेक्षा ग्रंथ त्याच्याकडून करतो. पण ती अपेक्षा आहे असे त्याला पुरेसे स्पष्टपणे सांगत नाही. पुस्तक म्हणजे सिद्ध सत्यांचे भांडार, असे मानणारा विद्यार्थी साहजिकच विचारणार, ‘चूक होते तर शिकविले कशाला?’ या प्रश्नाला अज्ञान म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. वस्तुतः तो दोन अपेक्षांचा संघर्ष आहे : ग्रंथाची एक, विद्यार्थ्याची दुसरी.

जेरोम ब्रूनर यांनी 1960 सालच्या ‘द प्रोसेस ऑफ एज्युकेशन’ या पुस्तकात असा विचार मांडला की भौतिकी शिकणारा मुलगा हा लहान प्रमाणावर भौतिकीज्ञच असतो. त्याचे आणि संशोधकाचे काम जातीने एकच. ज्या वुड्स होल परिषदेतून हे पुस्तक निघाले तिच्यात झकरायसही होते. विचार उदात्त आहे. पण संशोधकाला आपली कल्पना मोडली की उत्साह येतो, कारण तशा मोडतोडीची त्याला सवय असते. पहिल्याच वर्षाच्या विद्यार्थ्याला ती सवय कोठून असणार? जे शिकवावयाचे तेच येथे गृहीत धरले गेले.

पुढील संशोधनाने या शंकेला बळकटी दिली, जरी ते या ग्रंथाविषयी नव्हते. हेस्टेनेस, वेल्स व स्वॅकहॅमर यांनी 1992 साली बलविषयक संकल्पनांची एक चाचणी प्रसिद्ध केली. मोठा ट्रक आणि लहान मोटार यांची टक्कर झाली, तर कोणाचे बल कोणावर अधिक, अशा धर्तीचे साधे प्रश्न तीत आहेत. न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारे विद्यार्थीही ट्रकच्या बाजूने कौल देतात. 1998 साली हेक यांनी 62 अभ्यासक्रमांतील 6,542 विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले : जितकी सुधारणा शक्य होती तिच्यापैकी रूढ अध्यापनाने सरासरी 0.23, तर विद्यार्थ्यांना सतत विचारप्रवृत्त करणाऱ्या अध्यापनाने 0.48 इतकी साधली. त्याच वर्षी रेडिश, सॉल व स्टाइनबर्ग यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अपेक्षांचीच मोजणी केली. भौतिकी ही सुसंगत विचारपद्धती आहे की सुटी सूत्रे, तिचा बाहेरच्या जगाशी संबंध आहे की नाही, असे 34 विधानांतून विचारले. पहिल्या सत्रानंतर विद्यार्थ्यांच्या अपेक्षा सुधारण्याऐवजी बहुधा खालावल्याच, हा त्यांचा निष्कर्ष कोणाही अध्यापकाची झोप उडवील असा आहे.

आपल्या न्यायशास्त्राने वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता व संनिधी या तीन अटी घातल्या आहेत. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ ही पदे जवळजवळ ठेवली तरी वाक्य होत नाही, कारण एका पदाला दुसऱ्याची आकांक्षा नसते. सूत्रे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची भौतिकी नेमकी अशी असते. पीएसएससीच्या कर्त्यांना आकांक्षेने बांधलेले वाक्य रचता आले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. ते वाक्य आहे हे ऐकणाऱ्यास कळले की नाही, इकडे मात्र त्यांचे लक्ष कमी पडले.

हॉल्टन, रदरफर्ड व वॉटसन यांच्या हार्वर्ड प्रकल्पाने 1970 साली इतिहासाची व संस्कृतीची जोड देऊन वेगळा विद्यार्थी कल्पिला. त्याचा विचार स्वतंत्र लेखातच करणे इष्ट.

मराठी माध्यमाच्या वर्गात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ‘बल’ आणि ‘शक्ती’ हे शब्द घरी एकाच अर्थाने वापरणाऱ्या मुलाला शाळेत त्यांत काटेकोर भेद पाळावा लागतो. डोक्यावर ओझे घेऊन तासभर एका जागी उभ्या असलेल्या हमालाने काहीच ‘कार्य’ केले नाही, हे मान्य करावे लागते. मी शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने यावर विचारले होते, ‘मग त्याला मजुरी कशाची द्यायची?’ वर्ग हसला. मीही हसलो, आणि फळ्यावर व्याख्या पुन्हा लिहिली. त्या हमालाचे स्नायू ताठ राहण्यासाठी आतल्या आत सतत आकुंचन पावत असतात, ऊर्जा तेथे खर्च होते आणि उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, हे त्याला त्या तासाला सांगावयास हवे होते.