कोयनेचा पूर्वइशारा आणि सार्वजनिक निधी

कोयना-वारणा परिसरासाठी भूकंपाचा पूर्वइशारा देणारी यंत्रणा शासकीय निधीतून उभारावी, हा आग्रह सद्हेतूचा असला तरी तर्कदृष्ट्या अपुरा आहे. अशी यंत्रणा भाकीत करीत नाही; प्राथमिक लहरी टिपून ती विध्वंसक दुय्यम लहरींच्या आगमनापूर्वी सूचना देते. या दोहोंमधील अवकाश दर आठ किलोमीटरांस जेमतेम एक सेकंद. येथील भूकंप उथळ. म्हणून ११ डिसेंबर १९६७ रोजी उद्ध्वस्त झालेल्या कोयनानगरच्या वाट्याचा अवकाश गणनेतच संपेल. सुमारे शंभर किलोमीटरांवरील सांगली शहरास मात्र काही सेकंद लाभतील. सारांश, धोका जेथे अधिक, तेथे लाभ न्यून. यास्तव निधीचा पहिला वाटा पाटण व शिराळा तालुक्यांतील दगडमातीची घरे भक्कम करण्यास मिळावा, इशारा त्यानंतर.