डिस्टोपियाचा चुकलेला नेम

जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही चार भागांची मालिका दाखविली आणि गेल्या दोन दशकांत डिस्टोपियन विज्ञानकथा म्हणून जे विपुल लेखन व चित्रीकरण झाले, त्यातील बहुतेकांचे तोकडेपण तिने उघडे पाडले. डिस्टोपिया म्हणजे आदर्श राज्याच्या कल्पनेची काळी बाजू. चालू समाजातील एखादी प्रवृत्ती टोकाला गेली तर माणसाचे काय होईल, हे दाखविणारे कल्पित राज्य. या मालिकेत मात्र कल्पित तंत्रज्ञान नव्हते आणि भविष्यकाळही नव्हता. होती ती ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकप्रणाली, तिने पडद्यावर दाखविलेली खोटी तूट आणि त्या तुटीपायी चोर ठरलेली, पोस्टाच्या छोट्या शाखा चालविणारी साधी माणसे. १९९९ ते २०१५ या काळात अशा नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरविण्यात आले. संगणकावरील नोंद पुरावा म्हणून मांडायची तर तो नीट चालत होता हे आधी दाखवावे लागे, ही इंग्लंडच्या कायद्यातील अट नेमकी या काळाच्या आरंभीच रद्द झाली होती. तेव्हापासून संगणक बरोबरच आहे असे गृहीत धरले जाऊ लागले आणि तो चुकला हे दाखविण्याचा भार व्यवहारात आरोपीच्या माथी आला. अखेर मे २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करून या शिक्षा पुसाव्या लागल्या.

भविष्याचा इशारा देणे हेच ज्या साहित्यप्रकाराचे ब्रीद, त्याने या संकटासाठी वाचकाला तयार का केले नाही, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. झाम्यातिन, हक्सले आणि ऑर्वेल यांनी घालून दिलेल्या वाटा वाचकांना परिचित आहेत. त्यांच्या वारसांनी त्या वाटांवरील केवळ देखावे उचलले. ‘द हंगर गेम्स’च्या पठडीतील किशोरवयीन बंडखोरांच्या मालिका म्हणजे जुन्या साहसकथाच होत. सायबरपंक, म्हणजे महाकाय कंपन्या आणि संगणकजाल यांच्या छायेतील गुन्हेगारी जगाच्या कथांचा प्रवाह, निऑन दिव्यांच्या शोभेत कधीच विरून गेला आहे. ‘ब्लॅक मिरर’ ही मालिका बहुतेक वेळा एका उपकरणाची करामत दाखवून थांबते. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या सातव्या पर्वातील पहिला भाग मात्र अपवाद मानावा लागेल, कारण त्यात मेंदू चालू ठेवण्याची सेवा मासिक वर्गणीवर विकली जाते आणि वर्गणीचे दर वाढत जातात तसे एका कष्टकरी जोडप्याचे आयुष्य आवळत जाते.

या गर्दीत एक क्षीण परंतु विलक्षण अचूक परंपरा दुर्लक्षित राहिली आहे आणि समीक्षेने खरे लक्ष तिच्याकडे द्यायला हवे होते. ती परंपरा कार्यालयाच्या डिस्टोपियाची. गॉर्डन डिक्सन यांची १९६५ मधील ‘कॉम्प्युटर्स डोंट आर्ग्यू’ ही केवळ पत्रव्यवहारातून उलगडणारी कथा तिचा आद्य नमुना म्हणता येईल. पुस्तक मंडळाकडून चुकीचे पुस्तक आलेला एक ग्राहक बिल भरण्यास नकार देतो; थकबाकी वसुलीकडे जाते, वसुली न्यायालयाकडे जाते आणि स्टीव्हन्सनच्या ‘किडनॅप्ड’ या पुस्तकाचे शीर्षकच छिद्रपत्रांच्या प्रवासात अपहरणाचा गुन्हा बनते; लेखक हयात नसल्याने पुढे तो खून ठरतो. मृत्युदंडाची माफी गव्हर्नर देतात, पण तिला योग्य मार्गपत्र जोडलेले नसल्याने ती पोहोचतच नाही. या कथेत एकही यंत्र बंड करीत नाही आणि एकही माणूस क्रूर नाही. प्रत्येक जण आपल्यापुढील कागद नियमाप्रमाणे पुढे सरकवतो, आणि तिची भीती यातूनच उपजते. टेरी गिल्यम यांच्या ‘ब्राझील’ (१९८५) या चित्रपटात छपाईयंत्रात पडलेल्या किड्यामुळे ‘टटल’चा ‘बटल’ होतो, भलताच माणूस उचलला जाऊन मरतो, आणि त्याच्या चौकशीपोटी जास्त घेतलेल्या रकमेचा परतावा त्याच्या विधवेला धनादेशाने दिला जातो. चूक कबूल करण्याची जागा हिशेब जुळविण्याने घेतली की राज्य कसे दिसते, ते या एका प्रसंगात आहे.

याच परंपरेतील सर्वांत समर्थ कृती मुंबईत घडते. मंजुळा पद्मनाभन यांच्या ‘हार्वेस्ट’ या इंग्रजी नाटकाला १९९७ मध्ये ग्रीसचे ओनासिस पारितोषिक मिळाले आणि गोविंद निहलानी यांनी त्यावरून ‘देहम’ हा चित्रपट केला, तरीही डिस्टोपियाच्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते. नोकरी गेलेला कारकून ओम आपले अवयव परदेशातील श्रीमंत ग्राहकाला देण्याचा करार करतो. मग खोलीत संपर्कयंत्र बसते, जेवणाऐवजी गोळ्या येतात, आणि पत्नी जया हिला कागदोपत्री बहीण व्हावे लागते, कारण दाता अविवाहित असावा अशी अट आहे. प्रत्यक्ष न्यायला आलेले रक्षक ओमऐवजी त्याच्या भावाला, जीतूला घेऊन जातात. डिक्सनची पत्रे आणि गिल्यमचा किडा यांच्याशी या चुकीचे रक्ताचे नाते आहे; पद्मनाभन मात्र पुढे जाऊन चुकीमागचा व्यापारही दाखवितात. शेवटी पडद्यावरून बोलणाऱ्या ग्राहकाला जया बजावते की हवे असेल तर त्याने स्वतः, सदेह, दारात यावे. ऑर्वेलचा सत्तेविरुद्ध उठणारा नायक विन्स्टन याच्या बंडापेक्षा जयाचे हे बंड आजच्या काळाला अधिक जवळचे आहे, कारण तिला सत्ता उलथून टाकायची नाही. आपल्याविषयी निर्णय घेणारा माणूस तिला समोर उभा हवा आहे.

ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ योजनेने वर्षाचे उत्पन्न पंधरवड्यांत सरसकट समान वाटून कल्याणभत्ता घेणाऱ्यांवर खोटी देणी काढली तेव्हा नेमका हाच माणूस कोणाला सापडत नव्हता. चार लाखांहून अधिक लोकांना अशी देणी लागली आणि आपण देणेकरी नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्यावरच टाकले गेले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यावरून हजारो पालक फसवे ठरले, ज्यात जोखीम मोजणाऱ्या प्रणालीचाही हात होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारला राजीनामा द्यावा लागला. यांतील कोणत्याही यंत्राला बुद्धी फुटली नव्हती. तरीही चापेकच्या ‘आर.यू.आर.’ या नाटकापासून ‘द टर्मिनेटर’ आणि ‘द मेट्रिक्स’पर्यंत चालत आलेली यंत्राच्या उठावाची कथा आजही सर्वांत प्रतिष्ठित आहे, आणि ती निव्वळ निरुपद्रवी करमणूक आहे असे म्हणणे आता शक्य नाही. मे २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतून मानवजात नामशेष होण्याचा धोका सांगणारे एका वाक्याचे निवेदन निघाले आणि ती बुद्धिमत्ता बनविणाऱ्या आघाडीच्या कंपन्यांच्या प्रमुखांनीच त्यावर सह्या केल्या. उद्याच्या यंत्रदैत्याची भीती सगळे आकाश व्यापते, तेव्हा आज कर्ज नाकारणारी, भत्ता थांबविणारी, माणसाला संशयित ठरविणारी साधी प्रणाली कोणी विकत घेतली आणि तिच्या चुकीची भरपाई कोण करणार, हे विचारायला कोणी उरत नाही. यंत्राला खलनायक करणारा प्रत्येक लेखक, त्याची इच्छा असो वा नसो, त्या यंत्रामागच्या अधिकाऱ्याला आणि विक्रेत्याला सोडून देत असतो.

मराठी विज्ञानकथाही या दोषातून सुटलेली नाही. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या महत्त्वाच्या कादंबरीतही संकट येते ते यंत्रमानवाच्या तल्लख बुद्धीतून, आणि नंतरच्या अनेकांनी तीच वाट सोयीची मानली. मात्र आपल्याकडील अनुभव वेगळे काही सांगतो. २०१६-१७ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीनेच आधारच्या पडताळणीतील अपयशाचे अंदाज झारखंडसाठी ४९ टक्के आणि राजस्थानसाठी ३७ टक्के असे नोंदविले होते. श्रमाने ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा रेशन दुकानातील ई-पॉस यंत्राशी जुळत नाही, आणि दुकानदार, तहसील व यंत्र पुरविणारी कंपनी यांपैकी कोणीही तो निर्णय आपला मानत नाही. मराठी विज्ञानकथाकारांनी पुढची कादंबरी त्या रेशनच्या रांगेतून लिहावी, आणि धान्य नाकारण्याचा हुकूम कोणाच्या सहीने निघाला, ते त्या माणसाच्या हुद्द्यासह तीत सांगावे.