‘अशक्त’ या विशेषणाचा अर्थ आणि वैद्यकीय विनियोग

वैद्यकीय मराठीत ‘अशक्त’ हे विशेषण इतके रुळले आहे की, त्याच्या अर्थाविषयी शंका घेण्याचे कोणास प्रयोजन वाटत नाही. रोगी आपली तक्रार त्याच शब्दाने सांगतो, वैद्य तीच टिपून घेतो आणि वृत्तपत्रे रोगलक्षणांच्या यादीत तोच शब्द छापतात. परंतु हे तिघेही एकच गोष्ट सांगत असतात काय, याची तपासणी करणे प्रस्तुत टिपणाचे प्रयोजन आहे.

‘शक्’ या धातूपासून बनलेल्या ‘शक्त’ या रूपाचा ‘अशक्त’ हा निषेध होय. संस्कृतात तो पुष्कळदा तुमन्त रूपाची अपेक्षा ठेवतो: अमुक करण्यास अशक्त. भगवद्गीतेच्या १२ व्या अध्यायातील ११ व्या श्लोकात हे विशेषण असेच तुमन्तासह आले आहे. मराठीने शब्द घेतला. त्याची ही अपेक्षा मात्र घेतली नाही. ‘तो जिना चढण्यास अशक्त आहे’ असे आपण म्हणत नाही. तेथे ‘असमर्थ’ म्हणतो, किंवा सरळ ‘त्याला जिना चढता येत नाही’ असे म्हणतो. मराठी ‘अशक्त’ स्वयंपूर्ण झाला. तो व्यक्तीची अवस्था सांगतो, क्रियेचा अभाव सांगत नाही. ‘मूल अशक्त आहे’ या वाक्यात तर बळापेक्षा अंगाची कृशताच पुष्कळदा अभिप्रेत असते.

विशेष्याची कसोटी लावली असता हे अधिक स्पष्ट होते. अशक्त माणूस, अशक्त मूल, अशक्त गाय हे प्रयोग सहज आहेत. ‘अशक्त पाय’ किंवा ‘अशक्त पापणी’ हे प्रयोग कानास खटकतात. अवयवाच्या उणिवेसाठी मराठीजवळ निराळे शब्द आहेत. नजर अधू होते, हात लुळा पडतो, हृदय कमकुवत असते. ‘क्षीण’ हा शब्द ऱ्हास सुचवितो, म्हणून नाडी व आवाज यांना तो शोभतो. ‘दुर्बल’ हा बहुव्रीही समास असल्यामुळे ज्याला बळ कल्पिता येते अशा कशासही तो लागतो. म्हणूनच ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ ही राजकीय परिभाषा सिद्ध होऊ शकली. तात्पर्य, समग्र देह आणि एखादे अंग यांच्या उणिवेत बोलभाषा भेद करते. इंग्रजीतील एकाच विशेषणाचे भाषांतर करताना हा भेद बुजविला जातो.

पाश्चात्य वैद्यकाच्या परिभाषेचा इतिहासही या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘अस्थेनिक’ हे विशेषण ‘स्थेनोस’, म्हणजे बळ, या ग्रीक शब्दाच्या निषेधातून आले. स्कॉटलंडचा वैद्य जॉन ब्राऊन याने १७८० मध्ये सर्व रोगांची स्थेनिक व अस्थेनिक अशी विभागणी केली, तेव्हा त्यास समग्र देहाचीच अवस्था अभिप्रेत होती. पुढे १८९५ मध्ये योली याच्या लेखनातून ‘मायस्थेनिया ग्राव्हिस’ ही संज्ञा रूढ होऊ लागली. तीत स्नायुवाचक पूर्वपद जोडलेले आहे. बळ कोठचे गेले हे सांगितल्यावाचून त्या रोगाचे वर्णनच होत नव्हते. श्रमाबरोबर वाढणारी आणि विश्रांतीने ओसरणारी स्नायूंची दुर्बलता आणि खाली ओघळणारी पापणी ही या रोगाची लक्षणे ‘अशक्तपणा’ या एका शब्दात मावत नाहीत.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा लक्षणे सांगताना ‘अशक्तपणा’ व ‘कमजोरी’ हे शब्द वारंवार योजले गेले. हा विकार पुष्कळदा जुलाबांच्या संसर्गानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनी उद्भवतो. बहुधा बळ प्रथम पायांतून जाते. मग हात आणि क्वचित श्वासाचे स्नायूही ग्रासले जातात. आता, जुलाबांनंतर अशक्तपणा येणे हे मराठी घरास अपेक्षितच असते. त्यावर पेज आणि विश्रांती हा उपाय घरोघर ठाऊक आहे. ज्या लक्षणाने माणसाने तत्काळ रुग्णालय गाठावयाचे, त्याच लक्षणास धीर धरावयास लावणारे नाव दिले तर सूचनेचा हेतूच विफल होतो. ‘पायांतले बळ जाते, उठता येत नाही’ असे सांगितल्यास हा घोटाळा संभवत नाही.

‘कमजोरी’ हा पर्याय काहीसा बरा, कारण तो अंगास लागू शकतो. पण सर्वसाधारण थकव्याचाही अर्थ त्यास चिकटलेला आहे. म्हणून नुसते नाम बदलून भागणार नाही. चिकित्सक स्नायूंचे बळ ० ते ५ अशा श्रेणींत मोजतो, तेव्हा तो वस्तुतः क्रियेचाच प्रश्न विचारीत असतो: अवयव हलतो काय, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता येतो काय, प्रतिकार सोसतो काय. चरकसंहितेच्या विमानस्थानातही रोग्याची परीक्षा करताना व्यायामशक्ती पाहावयास सांगितली आहे.

आमची सूचना एवढीच की, परिभाषेत ‘अशक्त’ हा शब्द समग्र देहाच्या अवस्थेपुरता राखावा, स्नायूंसाठी ‘दुर्बल’ योजावा, आणि रोग्यासाठी लिहिताना क्रियापदाचा आश्रय करावा. रोगी ‘अशक्त वाटते’ म्हणाला, तर ‘काय करता येत नाही?’ हा पुढचा प्रश्न त्यास विचारलाच पाहिजे. मराठीत येताना या विशेषणाने जे तुमन्त गमावले, ते त्या प्रश्नाने परत मिळते.