एका नकाराचे रसग्रहण

समीक्षा हा काही माझा प्रांत नव्हे. मी पडलो बी.कॉम. समीक्षकाला लागणारी दाढी, झोळी आणि न वाचलेल्या पुस्तकावर तासभर बोलायचा आत्मविश्वास, यांपैकी एकही वस्तू माझ्या नावावर जमा नाही. पण एक मजकूर असा आहे, की तो मी जितक्यांदा वाचला तितक्यांदा मराठीच्या प्राध्यापकांनी पाठ्यपुस्तकही वाचलं नसेल. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो उमटतो : 'पुढे जाण्यासाठी प्रशासकाची परवानगी आवश्यक आहे. कृपया आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.'

दोनच वाक्यं, पण काय भाषा! 'कृपया' आहे, 'आपल्या' आहे. 'पत्रिका जुळत नाही' असं कळवणाऱ्या वरपित्याच्या कार्डाइतकी सभ्य. दोष एकच. संपर्क साधा म्हणतो. पण कुठं, कसा, किती वाजेपर्यंत, याबद्दल लेखक गप्प. नवकवितेत याला अर्थाची वलयं म्हणतात. पोस्टात अपुरा पत्ता म्हणतात आणि पाकीट परत पाठवतात.

या दोषाचं खरं आकलन मला भुकूमला झालं. पुण्याहून पौड रस्त्यानं निघालं की आधी भूगाव, मग भुकूम, मग पिरंगुट. तिथं आमची छोटी शाखा होती. मॅनेजर, आम्ही तिघं आणि नुकताच लागलेला एक पोरगेला शिपाई. पासबुकं छापणाऱ्या जुन्या प्रिंटरनं प्राण सोडला होता. नवा आला, खोक्यातून काढला, वायर जोडली. समोर एक आजी पासबुक घेऊन उभ्या. नातवाच्या वसतिगृहाच्या अर्जाला अद्ययावत पासबुक लागत होतं आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती.

"आजी, जरा थांबा. ड्रायव्हर बसवायचाय."

"ड्रायव्हर न्हाई? म्हंजे तुमचं बी आमच्या यश्टीवानीच!"

मी बटण दाबलं आणि तो मजकूर उमटला. हेड ऑफिसला फोन लावला. तक्रार क्रमांक मिळाला. माणूस मिळाला नाही. आजी सगळं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कुलूप हाय ते झ्याक हाय रं बाबा. पन किल्ली ज्येच्याकडं हाय, त्यो गेला कुठं?"

एवढी नेमकी समीक्षा मी आजवर वाचलेली नाही.

आता समीक्षकानं न्यायी असावं. कुलूप हवंच. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एका जाळ्यात जोडलेले असतात. साध्या वापरकर्त्यानं चुकून विषारी फाइल उघडली, तर ती फाइल सहसा त्याच्याच अधिकारात हातपाय पसरते. त्याला प्रशासकाचे अधिकार असतील, तर सगळं यंत्र तिच्या ताब्यात. आणि साऱ्या यंत्रांचा प्रशासकी पासवर्ड एकच असेल, तर सगळं ऑफिस. सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोन अमेरिकन विद्वानांनी 1975 साली यावर एक निबंध लिहिला. ज्याला जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार, हे त्यातलं एक तत्त्व. मोठ्या कामाला एकापेक्षा दोन किल्ल्या बऱ्या, हे दुसरं. त्यासाठी दाखला दिला आहे बँकेच्या लॉकरचा! आमच्या व्यवसायाचा असा गौरव वाचून मला भरून आलं. पण त्याच यादीत शेवटी आणखी एक तत्त्व आहे : सुरक्षेची व्यवस्था माणसाला वापरायला सोपी हवी, म्हणजे तो ती आपोआप नीट पाळेल. आमच्या हेड ऑफिसानं बहुधा शेवटचं पान उलटलं नसावं. प्रसाद घेतला आणि आरतीला थांबले नाहीत, त्यातली गत.

सोपी नसली की काय होतं, याचाही इतिहास आहे. अमेरिकेत एमआयटी संस्थेच्या सामायिक कॉम्प्युटरवर 1961 च्या सुमारास पासवर्ड आले. 1962 साली ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला फक्त चार तास मिळत. काम पुरं होईना. पठ्ठ्यानं पासवर्डांची अख्खी यादीच छापून घेतली! म्हणजे बघा, पासवर्डांच्या आद्य चोरांपैकी हा एक, आणि तो आळशी नव्हता. त्याला जास्त काम करायचं होतं.

आमच्या शाखेत चोरीची गरज नव्हती. कधीकाळी कुणीतरी फोनवर सांगितलेला प्रशासकाचा पासवर्ड कॅलेंडरमागं चिठ्ठीवर होता. तो सगळ्यांना पाठ होता. एकादशी कधी आहे हे बघताना दिसायचा. मॅनेजर म्हणाले, "टाका की. आजी किती वेळ उभ्या आहेत!" मी टाकला. प्रिंटर खडखडला, पासबुक छापलं, आजी आशीर्वाद देऊन गेल्या.

पंधरा दिवसांनी तपासनीस आले. प्रशासकाचं खातं कुणी वापरलं? यंत्राच्या नोंदीत वेळ होती, तारीख होती, आणि नाव होतं फक्त 'प्रशासक'. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. अशा वेळी संशय खाली उतरत उतरत जिथं पायरी संपते तिथं थांबतो. शिपाई पोराला आत बोलावलं. पोराचा चेहरा पांढराफटक. तेव्हा मला कळलं, की ज्या परवानगीला मी इतके दिवस शिव्या देत होतो ती या पोरासाठीही होती. स्वतःचं नाव आणि मोजका अधिकार असला, तर नोंद तुमच्या बाजूनं साक्ष देते. चिठ्ठीवरचा पासवर्ड सगळ्यांना राजा करतो आणि सगळ्यांना आरोपी.

मी आत जाऊन सांगितलं, "साहेब, ते मीच." लेखी खुलासा मागितला गेला. खुलाशात मी क्षमा मागितली, चिठ्ठी जोडली आणि आजींचं वाक्य जसंच्या तसं घातलं. खाली सुचवलं की, प्रत्येक यंत्राचा प्रशासकी पासवर्ड वेगळा आणि ठरावीक काळानं आपोआप बदलणारा ठेवायची सोय मायक्रोसॉफ्टनं 2015 पासून दिली आहे, ती घ्यावी. आणि किल्लीवाल्याचा फोन नंबर द्यावा.

मला ताकीद मिळाली. ती मिळायलाच हवी होती. पण महिन्याभरात कॅलेंडरमागची भिंत स्वच्छ झाली आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर एक पट्टी चिकटली. तिच्यावर एका माणसाचं नाव, नंबर आणि वेळ. परवा मी तो लावला. पलीकडून विचारलं, "नाव? शाखा? काय बसवायचंय?" मी सांगितलं आणि दहा मिनिटांत काम झालं. नोंदीत आता त्याचंही नाव आहे, माझंही.

मजकूर मात्र तोच आहे, शब्दही बदललेला नाही. फरक इतकाच की आता त्याला पत्ता आहे.

मध्यंतरी आजी आल्या होत्या. काउंटरवर पासबुक ठेवत म्हणाल्या, "घावला का रं, किल्लीवाला?"

"घावला आजी."

"मग आता छाप बिगीबिगी."