शिवी कुणाची, मिरवतं कोण?

ज्या शब्दानं मारलं तोच शब्द आपण कपाळी लावला की मारणाऱ्याचा हात लुळा पडतो, असं आता सगळीकडे म्हटलं जातं. मराठीत हे केव्हाच झालंय, तेही पुस्तकांच्या मुखपृष्ठावर. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ 1984 चं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ 1987 चं. दोन्ही नावं शिव्याच. पण बायांनो, दोन्ही शिव्यांचं वजन सारखं नाही.

‘उचल्या’ हा शब्द अख्ख्या जमातीवर मारलेला. जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी 1871 मध्ये आणला. तो रद्द व्हायला 1952 साल उजाडलं. गायकवाड तो शब्द छापतात तेव्हा साऱ्या घरादाराच्या वतीनं तो उलटा फेकतात. 1988 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, म्हणजे सरकारदरबारच्या यादीतही ‘उचल्या’ मानानं लिहावं लागलं. हे मला फार आवडतं.

‘अक्करमाशी’पाशी मात्र मी अडते. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकराच भरले तर एक मासा कमी. सोन्याचांदीच्या पेढ्यांवर बसणाऱ्या आपल्या समाजाला हे समजावून सांगायला नको! पण माणसात हा एक मासा कमी कुठे पडतो? आईच्या पदरात. लिंबाळ्यांची आई महार, बाप लिंगायत पाटील. बापानं जबाबदारी झटकली, त्याला मात्र असं काहीच नाव पडलं नाही. शिवी मुलाला घातली जाते आणि लागते मसामाईला. लेकानं ती अंगावर घेतली, धैर्यानं घेतली, आईचं दुःखही त्यानं झाकलं नाही. तरी मुखपृष्ठावरच्या त्या शब्दाला मसामाईची संमती होती का, हा प्रश्न मी पुस्तक मिटल्यावरही सोडू शकत नाही. इंग्रजी अनुवादाचं नाव ‘द आउटकास्ट’. त्यात जात राहिली, आई गळाली.

आपल्याकडे काही उत्साही मंडळी म्हणतात, ‘नंगा-लुच्चा’ हा मूळचा आपल्या नग्न, केशलोच करणाऱ्या मुनींचा शब्द, तो आपण परत घ्यावा. व्युत्पत्ती तशी सांगतात खरी. पण आज तो शब्द ऐकून कुठल्या जैनाच्या पोटात कळ येते? वळच उठला नाही तिथं मलम कशाला लावायचं?

वळ उठलाय तो दुसऱ्याच शब्दाचा. ‘रांड’ म्हणजे मुळात विधवा. आणि ‘रंडकी’ हा शब्द आपल्या बायकांना परक्यानं नाही, आपल्याच चुली-माजघरात ऐकवला गेला, कधी सासूनं, कधी जावेनं. तो कुणी अभिमानानं मिरवावा, असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. ती बाई स्वतः म्हणाली तर गोष्ट वेगळी.

लिंबाळ्यांच्याच सोलापूर जिल्ह्यात आपला श्राविकाश्रम आहे. तिथं शिकायला आलेल्या विधवांनी ती शिवी धुऊन-पुसून परत घेतली नाही. साधू, साध्वी, श्रावक, श्राविका या चतुर्विध संघात त्यांचं नाव आधीपासून होतंच. दारावर तेच लिहिलं.