‘शुद्ध’ फोरहँड : एका कल्पनेची चिकित्सा

टेनिसविषयीच्या बोलण्यात आणि लेखनात ‘शुद्ध’ हे विशेषण ज्या सहजतेने वापरले जाते, ती सहजता भाषेच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे. अमक्याचा फोरहँड शुद्ध, तमक्याचा अशुद्ध पण परिणामकारक, असे निर्णय आपण नेहमी ऐकतो. हेच विशेषण व्याकरणाच्या नावाखाली बोलींना लावले गेले तेव्हा त्यातून काय निष्पन्न झाले, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. उत्तम फोरहँडचे तंत्र कशात असते या प्रश्नाची प्रचलित उत्तरे तपासावयाची, आणि वर्णनात्मक भाषाशास्त्राची दृष्टी तेथे काही उपयोगी पडते काय हे पाहावयाचे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फोरहँड म्हणजे रॅकेट धरलेल्या हाताच्या तळव्याच्या बाजूने मारलेला फटका. त्याचे वर्णन करताना सामान्यतः तीन गोष्टी पुढे केल्या जातात : रॅकेटची मूठ कशी पकडली आहे, रॅकेट मागे कोणत्या वाटेने नेली आहे, आणि फटक्यानंतर ती कोठे जाऊन थांबली आहे. या तिन्ही गोष्टी डोळ्यांना स्पष्ट दिसतात, छायाचित्रात सापडतात, आणि म्हणूनच अनुकरणास सोप्या वाटतात. परंतु चेंडू आणि रॅकेटची जाळी यांचा प्रत्यक्ष संपर्क अवघा ४ ते ५ सहस्रांश सेकंद टिकतो. फटक्याचे फलित ठरते ते या अवधीत, आणि नेमका तोच डोळ्यांच्या आटोक्याबाहेर राहतो. या अवधीतील चुकीला क्षमा नाही. चेंडूची दिशा एका अंशाने चुकली, तर ७८ फूट लांबीच्या कोर्टाच्या दुसऱ्या टोकाशी तो सुमारे १ फूट ४ इंच बाजूला पडतो.

दिसणारे आणि निर्णायक यांतील ही तफावत आपल्याला अपरिचित नाही. मराठी लेखनात इकार-उकारांच्या ऱ्हस्व-दीर्घांवरून केवढे वाद झाले; पण उच्चारात हे ऱ्हस्वत्व-दीर्घत्व बहुतेक ठिकाणी शब्दातील स्थानावरून ठरते, अर्थभेद करीत नाही. उलट ‘चार माणसे’ आणि ‘गाईला गवत चार’ यांतील दोन ‘च’ लेखनात एकच दिसतात. मात्र एक तालव्य व दुसरा दंत्य असल्यामुळे शब्द निराळे होतात. डोळ्यांना दिसणारा प्रत्येक भेद व्यवच्छेदक नसतो, आणि व्यवच्छेदक असलेला प्रत्येक भेद डोळ्यांना दिसतोच असे नाही. फोरहँडच्या समीक्षेने हा विवेक अद्याप पुरेसा केलेला नाही.

प्रथम पकडीचा विचार करू. पकडींची नावेच बोलींच्या नावांसारखी भौगोलिक आहेत. कॉन्टिनेन्टल पकड युरोप खंडावरून, ईस्टर्न पकड अमेरिकेच्या पूर्व भागावरून, आणि वेस्टर्न पकड कॅलिफोर्नियावरून ओळखली जाते. पूर्वेकडील हिरवळीवर चेंडू खाली राहत असे. तेथे हस्तांदोलन करावे त्याप्रमाणे तळवा मुठीच्या मागे ठेवणे सोयीचे होते. कॅलिफोर्नियाच्या सिमेंटवर चेंडू उंच उसळे. तेथे तळवा मुठीच्या खाली सरकला. म्हणजे पकडीतील भेद हा मुळात जमिनीचा भेद होता. कॅलिफोर्नियाच्या बिल जॉन्स्टनचा वेस्टर्न पकडीचा फोरहँड त्या काळातील सर्वश्रेष्ठ फोरहँडांत गणला जात असे. १९१९ च्या अमेरिकन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याने बिल टिल्डनला हरविलेही. परंतु १९२० साली आणि पुढे १९२२ पासून १९२५ पर्यंत प्रत्येक वर्षी त्याच अंतिम सामन्यात टिल्डनने त्याला पराभूत केले. टिल्डनची पकड ईस्टर्न होती. शिवाय चार प्रमुख स्पर्धांपैकी तीन १९७४ पर्यंत हिरवळीवरच खेळल्या जात. अशा स्थितीत हिरवळीची पकड ‘प्रमाण’ ठरली आणि इतर पकडी ‘प्रांतिक’ ठरल्या यात नवल नाही. प्रमाणभाषा कशी घडते हे ज्याने पाहिले आहे त्याला ही प्रक्रिया ओळखीची वाटेल. पुढे ब्योर्न बोर्गने तळवा बराच खाली नेणारी पकड घेऊन १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षे विंबल्डनच्या हिरवळीवरच अजिंक्यपद मिळविले, तेव्हा या प्रमाणत्वाचा आधार ढासळला.

पकडीप्रमाणेच इतर दृश्य लक्षणांचीही स्थिती आहे. इव्हान लेंडल रॅकेट मागे नेताना कोपर उंच उचलीत असे. स्टेफी ग्राफ रॅकेट पुढे आणण्यास पाठ्यपुस्तकी नियमापेक्षा उशीर लावीत असे, आणि फटक्याच्या वेळी तिचे पाय पुष्कळदा जमीन सोडीत. रॉजर फेडरर आणि राफाएल नदाल हे दोघे आघाताच्या वेळी हात जवळजवळ सरळ ठेवीत; आंद्रे अगासी आणि नोव्हाक जोकोविच यांचा हात कोपरात वाकलेला दिसतो. आता फेडररची पकड ईस्टर्नच्या जवळची आणि नदालची सेमी-वेस्टर्न. म्हणजे पकडीने वेगळे पडलेले हे दोघे हाताच्या ठेवणीने एकत्र येतात. लक्षणे अशी परस्परांना छेदून जातात. त्यांपैकी कोणतेही एक घेऊन श्रेष्ठ फोरहँडची व्याख्या करू गेल्यास कोणी ना कोणी थोर खेळाडू तिच्याबाहेर राहतो.

मग या सर्वांत समान काय आहे? माझ्या मते समानता एखाद्या अवयवाच्या आकारात नसून अवयवांच्या परस्परसंबंधात आहे. आपल्या शास्त्रकारांनी वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशा तीन अटी सांगितल्या आहेत. त्यांचा आधार घेतल्यास हा संबंध नेमकेपणाने मांडता येतो.

एका पदाने दुसऱ्या पदाची अपेक्षा निर्माण करणे ही आकांक्षा. फोरहँडमध्ये ही अपेक्षा खांद्यांच्या वळणाने निर्माण होते. टिल्डनच्या काळी खेळाडू जाळ्याकडे कूस करून उभा राही. आजचा खेळाडू पुष्कळदा छाती समोर ठेवून उभा असतो. पायांची ठेवण अशी बदलली, पण खांदे मागे वळवावयाचे हे बदललेले नाही. ताणलेले धड उलगडण्याची वाट पाहत असते, आणि पुढील सर्व क्रिया त्या उलगडण्यातून निघते. ज्याचे खांदे वळलेले नाहीत त्याला केवळ दंडाच्या बळावर फटका मारावा लागतो. तो वाक्याची सुरुवातच क्रियापदाने करतो आणि पुढे त्याला बोलावयास काही उरत नाही.

पदे कालदृष्ट्या एकमेकांच्या निकट असणे हा संनिधी. एक पद सकाळी आणि दुसरे सायंकाळी उच्चारले तर वाक्य होत नाही. फटक्याचे बळ पायांपासून निघून कंबर, धड, खांदा, हात आणि शेवटी रॅकेट असे वर चढते. प्रत्येक भाग मागील भागाच्या गतीवर स्वतःची गती चढवितो. मध्ये खंड पडला की वरच्या भागाला सर्व काम नव्याने करावे लागते. प्रेक्षक ज्याला ‘सहजता’ म्हणतात ती बहुधा हीच अखंडता होय.

परंतु सर्वांत महत्त्वाची अट योग्यतेची. ‘विस्तवाने शिंपतो’ हे वाक्य रचनेने निर्दोष असूनही अर्थाने जुळत नाही. पकड, आघाताचे स्थान आणि रॅकेटचा मार्ग यांच्यातही अशी जुळणी असावी लागते. तळवा जितका मुठीखाली जाईल, तितका चेंडू शरीराच्या पुढे आणि उंचावर गाठावा लागतो. तरच आघाताच्या वेळी रॅकेटचे मुख जवळजवळ उभे राहते. हे मुख तसेच ठेवून रॅकेट खालून वर झटक्याने गेली की चेंडूला टॉपस्पिन मिळते, म्हणजे त्याची वरची बाजू पुढे फिरू लागते, आणि तो जाळ्यावरून उंच जाऊनही कोर्टात लवकर उतरतो. तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वक्र मार्गाने जातो हे न्यूटनने १६७२ सालीच नमूद केले होते. अमेरिकन अभ्यासक जॉन यँडेल यांनी द्रुतगती चित्रणावरून केलेल्या मापनात सँप्रस आणि अगासी यांच्या फोरहँडची फिरकी मिनिटाला सुमारे १,८०० ते १,९०० फेऱ्यांची आढळली, फेडररची सरासरी सुमारे २,७०० आणि नदालची सुमारे ३,२०० फेऱ्यांची. नदालची रॅकेट फटक्यानंतर डोक्यावरून मागे जाई, याला पुष्कळांनी लकब मानले. वस्तुतः इतक्या चढ्या मार्गाने निघालेल्या रॅकेटला जाण्यास ती स्वाभाविक दिशा होती. तिला स्वतंत्र लक्षण समजून तिचे अनुकरण करणे म्हणजे वाक्याचा अर्थ न कळता त्याचा सूर उचलणे होय.

येथवर निर्दोष फोरहँडचे वर्णन झाले. श्रेष्ठ फोरहँडचे झाले नाही. निर्दोष वाक्य बोलणारे पुष्कळ असतात. श्रेष्ठतेसाठी आणखी एक गोष्ट लागते, आणि तिचा विचार करताना सोस्यूरचे स्मरण होते. भाषिक घटकाचे मूल्य त्याच्यापाशी एकट्यापाशी नसून व्यवस्थेतील इतर घटकांशी असलेल्या संबंधांत असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. डावखोऱ्या नदालचा तिरपा फोरहँड उजव्या हाताच्या फेडररच्या एकहाती बॅकहँडकडे जाई आणि तेथे खांद्याच्या उंचीपर्यंत उसळे. २००८ च्या फ्रेंच स्पर्धेचा अंतिम सामना नदालने ६-१, ६-३, ६-० असा जिंकला, त्यात या एका संबंधाचा वाटा मोठा होता. पुढे २०१४ मध्ये फेडररने ९० चौरस इंचांऐवजी ९७ चौरस इंच मुखाची रॅकेट घेतली. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो तेच चेंडू उसळी पूर्ण होण्याआधी बॅकहँडने परतवू लागला, आणि पाच सेटांत जिंकला. त्या वर्षी दोघांत झालेले चारही सामने फेडररचेच झाले. नदालच्या फोरहँडचे रूप पूर्वीचेच होते; व्यवस्था बदलली म्हणून त्याचे मूल्य बदलले.

यावरून असे दिसते की, एकाच पूर्वतयारीतून जो अनेक भिन्न फटके काढू शकतो, आणि प्रतिस्पर्ध्याने उत्तर शोधल्यावरही ज्याच्यापाशी पर्याय शिल्लक राहतात, त्याचा फोरहँड श्रेष्ठ. धावता धावता, तोल ढळला असताना, उंच आणि ठेंगण्या दोन्ही चेंडूंवर तीनही अटी पाळता येणे ही त्याची कसोटी. पीट सँप्रसचा उजव्या कोपऱ्याकडे धावत मारलेला फोरहँड थोर मानला गेला तो याच कारणाने.

यावर असा आक्षेप संभवतो की, मग काहीही चालते असेच ठरले. तसे नाही. बोलींना अशुद्ध न म्हणणारा भाषाशास्त्रज्ञही चुकीचे वाक्य ओळखतोच. तो फक्त ते त्या बोलीच्या नियमांनी ओळखतो. फोरहँडमध्येही दोष असतात, आणि ते निश्चितपणे दाखविता येतात. मात्र ते एका अवयवात शोधून सापडत नाहीत. भाषा आणि फटका यांच्या साधर्म्याला मर्यादा आहेत हेही मान्य केले पाहिजे. भाषेचे नियम संकेताने ठरतात, तर चेंडू पदार्थविज्ञानाचे नियम पाळतो, आणि त्या नियमांना अपवाद नाही.

हा विचार मी लिहून काढण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. ती सिमेंटच्या कोर्टावर, बहुतांशी पाहून पाहून, टेनिस शिकली होती. तिची पकड वेस्टर्न होती आणि ती चेंडू शरीराच्या बरीच पुढे, उंचावर गाठीत असे. एका शिबिरात तिला पकड ‘शुद्ध’ करून घेण्यास सांगण्यात आले. पकड बदलली, चेंडू गाठण्याची जागा तीच राहिली. त्यामुळे रॅकेटचे मुख आकाशाकडे उघडू लागले आणि चेंडू मागील रेषेबाहेर पडू लागले. वर्षभराने तिने खेळ सोडला. एकदा तिने मला विचारले होते, “सर, आधी माझं नेमकं चुकत काय होतं?” मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. आता देता येईल. तिचे वाक्य बरोबर होते. त्यातील एक शब्द बदलण्यात आला, आणि उरलेले वाक्य त्याच्याशी जुळवून घेण्यास तिला कोणीही शिकविले नाही.